शिक्का नंबर सतरा

भालेराव जेवायच्या आधी चपाती मोजत. कँटीनच्या ताटात चपाती पडली की खाकी शर्टाच्या खिशातून सहा इंची पोलादी पट्टी निघे, चपातीवर आडवी बसे, मग उभी बसे, आणि मग वाढणाऱ्याकडे न बघता भालेराव जाहीर करत, "सव्वापाच. काल साडेपाच हुती. गोल पण न्हाई." एवढं झालं की ती चपाती ते मुकाट्याने खात. तक्रार नाही, अर्ज नाही. कँटीनवाला मात्र या रोजच्या पंचनाम्याने इतका टेकीला आला की त्याने भालेरावांसाठी मोठ्या चपात्या वेगळ्या काढून ठेवायला सुरुवात केली. भालेरावांनी त्या परत पाठवल्या. "तपासायचा नग आन् चालू माल एकच पायजे," म्हणाले.

पिंपरीच्या आमच्या कंपनीत इंजिनाचे सुटे भाग बनत आणि भालेराव तिथे तपासणी खात्यात इन्स्पेक्टर होते. मी त्याच खात्यात टायपिस्ट. रोज थेरगावहून सायकलवर पवनेचा पूल ओलांडून यायची आणि दिवसभर या माणसांचे रिपोर्ट बडवायची. पहिल्याच दिवशी मी टाइप केलेला कागद भालेरावांनी टेबलावर पसरला आणि त्यावर पट्टी ठेवली. मला वाटलं गंमत करताहेत. पण उस्मानाबादकडचा हा सहा फुटी, रुंद हाडाचा, दाट भुवयांचा माणूस गंमत करत असता तर निदान हसला तरी असता. "पवारबाई, डाव्या अंगाला सव्वा इंच सोडलंय, उजव्या अंगाला इंचाला एक सूत कमी. वळी उजवीकडं सरकल्यात." मी तोंड वाकडं केलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "रागवू नका. आधी माप, मग मत. मत तुमच्याबद्दल चांगलंच हाय माझं."

'आधी माप, मग मत' हे त्यांचं बोधवाक्य. दिवसातून चार वेळा तरी ऐकू यायचं. दुसरं वाक्य होतं, "डोळा खोटं बोलतो, पट्टी बोलत न्हाई." आणि तिसरं मला फार उशिरा कळलं. ते असं, "नेमकं माप फकस्त कागदावर असतं बाई. मालाला सूट द्यावीच लागती. पर ती किती, ते आधी लिवून ठिवावं."

ही सूट ते स्वतः कशी देत याची एक गोष्ट सगळ्या कंपनीला पाठ होती. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. मुलाची उंची पाच फूट सात इंच, असं मध्यस्थाने सांगितलेलं. चहा झाल्यावर भालेरावांनी मुलाला दाराच्या चौकटीला उभं केलं आणि टेप लावला. पाच फूट साडेपाच! "दीड इंच कुटं गेला?" त्यांनी विचारलं. पाहुण्यांचे चेहरे पडले, भालेरावांच्या बायकोने कपाळाला हात लावला. तो मुलगा मात्र म्हणाला, "मामा, चपला बाहेर काढल्यात ना." भालेरावांनी उठून बाहेर जाऊन चपलेची टाच मोजली. एक इंच भरली. परत येऊन म्हणाले, "अर्धा इंच सूट. पास." लग्न झालं आणि चांगलं झालं.

त्यांच्या कामाचा आणखी एक नियम इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तो लागणार आहे. आमच्या खात्यात मालाच्या खोक्याला रंगीत चिठ्ठी बांधत. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे बाद. आणि ज्याची तपासणी व्हायचीय त्या मालाला पांढरी. भालेरावांचा पुतण्या मशीन शॉपमध्ये लेथवर होता. त्याचा माल समोर आला की भालेराव त्याला हात लावत नसत. पांढऱ्या चिठ्ठीवर लिहीत, 'तपासणी केली नाही. कारण : माल ओळखीचा,' खाली आपला शिक्का नंबर सतरा मारत आणि खोकं दुसऱ्या इन्स्पेक्टरकडे सरकवत. हे वाक्य मी रिपोर्टात इतक्यांदा टाइप केलंय की डोळे मिटून करेन.

आता माझा गुन्हा. आणीबाणीच्या जरा आधीची गोष्ट. मी मुलांसाठी एक कादंबरी लिहिली होती. नाव 'वीतासुराची नोकरी'. डोंगराच्या पोटात हजार वर्षं झोपलेला एक राक्षस जागा होतो. बघतो तर खाली रानाच्या जागी चिमण्या आणि भोंगे. आता माणसं खायची सोय नाही म्हटल्यावर तो कारखान्याच्या गेटवर नोकरी मागायला येतो. त्याला एकच खोड असते. दिसेल ते आपल्या वितीने मोजायचं! चिमणी चौदा विती, मॅनेजरचं नाक पाव वीत, कँटीनची चपाती नखाएवढी. सगळे त्याच्यावर हसतात आणि शेवटी त्याला डोंगरावर हाकलून देतात. हा वीतासुर कोण, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मी मात्र त्याला दोन शिंगं आणि एक शेपूट लावली होती आणि एवढ्यावर तो कुणाला ओळखू येणार नाही अशी माझी पक्की खात्री होती. लिहिणाऱ्याला स्वतःच्या हुशारीची बाधा होते, ती ही अशी.

आईला गोष्ट वाचून दाखवली तर ती म्हणाली, "राक्षसाला नोकरी लागती, आन् माज्या भावाच्या पोराला लागत न्हाई, व्हय गं?" पुण्याच्या एका प्रकाशकाला मात्र बरी वाटली असावी. ते म्हणाले, "मला हसू आलं. पण मी साठीचा. वीस-पंचवीस मुलांना वाचायला द्या आणि त्यांचे खरे अभिप्राय घेऊन या. नात्यातली मुलं नकोत. मग बघू."

हे मी डबा खाताना शेजारच्या बाईंना सांगत होते. कँटीनमधून परतून पलीकडे मायक्रोमीटर पुसत बसलेल्या भालेरावांचे कान टवकारले. "पंचवीस नग तपासायचे? कुणाकडून? पद्धत काय? चिठ्ठी कुठली?" मी म्हटलं, पद्धत कसली, मुलांना विचारायचं आवडलं का म्हणून. भालेरावांना हे सहन होईना. "आवडलं का विचारलं की पोरं हो म्हणत्यात. ते मत झालं. आधी माप!" ज्याची टिंगल केली त्याच्याच हातात गोष्ट द्यायची? मी घाबरत विचारलं, "तुम्ही वाचणार?" "छ्या. गोष्टी वाचायची सवय न्हाई मला. मी फकस्त चिठ्ठ्या बघणार." माझा जीव भांड्यात पडला. मुलं राक्षसाबद्दल लिहितील, भालेराव राक्षसाबद्दल वाचतील, आणि शिंगं माझं रक्षण करतील!

कार्बन लावून पाच प्रती टाइप केल्या. भालेराव कामगार वसाहतीत राहत आणि तिथल्या पोरांचे ते कायमचे पंच होते. विटीदांडूत विटी किती लांब गेली यावर भांडण झालं की पोरं खेळ थांबवून त्यांच्या दारात जात आणि ते टेप घेऊन मैदानात येत. त्यामुळे पंचवीस वाचक त्यांनी एकाच संध्याकाळी उभे केले. प्रत्येकाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या, त्यातली एक भरून आणायची. मागे तीन प्रश्न लिहिलेले. एक, कुठे हसलात, पान नंबर. दोन, कुठे थांबलात, पान नंबर. तीन, आणखी काय ते. आज इतकी वर्षं मी लिहिते आहे, पण वाचकाला विचारायला याहून चांगले प्रश्न मला सुचलेले नाहीत.

महिनाभर प्रती वसाहतीत फिरल्या. एक प्रत परत आली ती पेन्सिलीने दुरुस्त होऊनच. वीतासुराची शेंडी क्रेनच्या हुकात अडकते असा एक प्रसंग होता. कुण्या मुलाच्या वडिलांनी, ते टूलरूममध्ये फिटर असावेत, तो प्रसंगच खोडला होता आणि समासात हुकाचं सुबक चित्र काढून लिहिलं होतं, 'हुकाला लॅच असते. शेंडी अडकणार नाही. चुकीची माहिती देऊ नये.' राक्षसाबद्दल त्यांची काही हरकत नव्हती. मी चिडले. भालेराव म्हणाले, "पिवळी चिठ्ठी म्हंजे दुरुस्ती. त्यानं करून दिली. फुकट."

सगळ्या चिठ्ठ्या आल्या तेव्हा भालेरावांनी त्या एका जाड पाकिटात घातल्या आणि लाखेने सील केल्या. मला दिला फक्त आकडा. हिरव्या सोळा, पिवळ्या सात, लाल दोन. "बनवणाराला आकडा सांगायचा. चिठ्ठ्या गिऱ्हाईक उघडणार. असाच रिवाज हाय." मी मनातून हरखले होते, पण त्या दोन लाल चिठ्ठ्या कुसळासारख्या सलायला लागल्या. बादच? माझी गोष्ट? दोन दिवस धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाशी गेले.

"भालेरावसाहेब, त्या दोन लाल तेवढ्या काढून ठेवता येतील का? तेवीस पण पुष्कळ होतात."

त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण काय ते मला तेव्हा वाचता आलं नाही.

"काय लिवलंय त्यात, ठावं हाय तुमाला?"

"नाही. पण बाद म्हणजे वाईटच असणार."

"बाई, माझ्या मनात आलं म्हणून एक चिठ्ठी काढली, की बाकीच्या चोवीस पण खोट्या झाल्या. मग माझा शिक्का कशाला?" आणि पुन्हा मायक्रोमीटर पुसायला लागले. मला इतका राग आला की आठवडाभर मी त्यांच्याशी कामापलीकडे बोलले नाही. त्यांचा रिपोर्ट मुद्दाम समास चुकवून टाइप केला. त्यांनी मोजला, आणि सही केली.

शनिवारी अर्धा दिवस होता. पाकीट घेऊन पुण्याला गेले. प्रकाशकांनी सील फोडलं आणि वाचायला लागले. थोड्या वेळाने त्यांच्या पोटातून हसू यायला लागलं. एका पोराने लिहिलं होतं, 'वीतासुर कार्ड पंच न करता आत गेला. हजेरी लागणार नाही.' दुसऱ्याचं म्हणणं, 'राक्षस उडतो ते ठीक, पण दुसऱ्या पाळीची बस सव्वादोनला सुटते, दोनला नाही.' एकाने हसलेल्या पानांचे अठ्ठेचाळीस नंबर लिहून पुढे टीप दिली होती, 'एकदा आईने मारलं म्हणून थांबलो. पुस्तकाचा दोष नाही.' पहिली लाल चिठ्ठीही निघाली. 'शेवटची दोन पानं प्रतीत नव्हती. अपुरा माल बाद.' मी मोठ्याने हसले. एवढ्यासाठी मी रुसून बसले होते!

तेवढ्यात प्रकाशकांनी चष्मा वर केला. "पवारबाई, हे भालेरावकाका कोण?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं. "का?"

"अकरा चिठ्ठ्यांत नाव आहे." आणि त्यांनी एकेक माझ्यासमोर ठेवली. 'वीतासुर एकदम आमच्या भालेरावकाकांसारखा आहे.' 'भालेरावकाकांना शिंगं लावली की वीतासुर.' 'पान बारा वाचून बाबा म्हणाले, हा तर आपला भालेराव!' आणि शेवटी दुसरी लाल. सातवीतल्या कुणा नंदाचं अक्षर, तिरकं आणि दाबून लिहिलेलं. 'कुठे हसलात? हसले नाही. कुठे थांबलात? शेवटी. आणखी काय? वीतासुर म्हणजे आमचे भालेरावकाका आहेत. त्यांना सगळे हसतात आणि हाकलून देतात. त्यांची चूक काय? ते खरं माप सांगतात. म्हणून बाद.'

प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी निळा शिक्का होता. नंबर सतरा. आणि भालेराव वाचल्याशिवाय शिक्का मारत नसत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी त्यांना जी चिठ्ठी काढून टाका म्हणत होते, ती अख्ख्या वसाहतीत त्यांची बाजू घेणारी एकमेव चिठ्ठी होती. आणि त्यांची टिंगल करणाऱ्या बाकीच्या, ज्या त्यांना सहज चुलीत घालता आल्या असत्या, त्याही त्यांनी मोजून, शिक्का मारून, सील करून माझ्या हातात दिल्या होत्या. का, तर माझ्या पुस्तकाचं काम खरं व्हावं म्हणून. मला तिथल्या तिथे रडू आलं. प्रकाशक भला माणूस. पाणी मागवलं आणि म्हणाले, "पुस्तक घेतो मी. पण शेवट त्या लाल चिठ्ठीवालीला विचारून लिहा."

सोमवारी भालेरावांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. बोलायचं सगळं पाठ केलं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "साहेब, माझी चूक झाली. तो राक्षस..."

"कोण राक्षस?"

"वीतासुर. तुमच्यावरून..."

"माझ्यावरून?" भालेरावांनी पट्टी खाली ठेवली. "किती उंच लिवलाय त्यो?"

"एकवीस फूट."

"मी सहा फूट एक इंच. चौदा फूट अकरा इंचाचा फरक. एवढी सूट कुटल्याच ड्रॉइंगमदी नसती बाई. त्यो मी न्हवं." आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. मी उभीच राहिलेली पाहून पुन्हा म्हणाले, "जावा. रिपोर्ट टाइप करा. आन् समास बघा जरा, मागल्या आठवड्यात लई हलला हुता."

नंदाला मी वसाहतीत जाऊन भेटले. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं, आणि माझ्याकडे बघायची नजर शत्रूची. शेवट कसा हवा विचारलं तर पटकन म्हणाली, "काकांना विटीदांडूचा पंच करा. म्हणजे राक्षसाला." तसंच केलं. वीतासुर मुलांच्या मैदानात राहिला, आणि विटी किती विती गेली यावर त्याचा शब्द शेवटचा ठरला. हुकाला लॅच लावली, बस सव्वादोनला सोडली. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं आणि बऱ्यापैकी खपलं. पहिली प्रत मी भालेरावांना दिली आणि म्हटलं, "आता तुमची चिठ्ठी हवी. कुठल्याही रंगाची चालेल." ते म्हणाले, "बगू. वाचायची सवय न्हाई." मी वर्षभर आठवण करत राहिले, मग सोडून दिलं. काही प्रती ओळखीच्यांकडे जातात आणि न वाचताच पडून राहतात, ही त्यातलीच असं धरून चालले.

अशी सहा-सात वर्षं गेली. भालेराव निवृत्त व्हायचे होते, त्या शेवटच्या दिवशी सकाळी मी टाइपरायटरचं कव्हर काढलं तर रोलरमध्ये एक चिठ्ठी अडकवलेली. पांढरी.

'कुठे हसलात? पान ७, १२, ३१, ३२, ३३ (दोनदा).
कुठे थांबलात? पान ४४.
आणखी काय? तपासणी केली नाही. कारण : माल ओळखीचा.'

खाली शिक्का नंबर सतरा.

मी आधी हसले. मग पान चव्वेचाळीस आठवेना म्हणून दुपारपर्यंत चुळबुळत राहिले. शेवटी टेबलाच्या खणातली पुस्तकाची जुनी प्रत काढली. चव्वेचाळिसाव्या पानावर वीतासुर कँटीनमध्ये जेवायला बसतो. तो चपाती मोजतो म्हणून त्याच्या टेबलाशी कुणी बसत नाही. आठ जणांच्या टेबलावर तो एकटा. मी तो परिच्छेद विनोद म्हणून लिहिला होता, आणि मुलंही तिथे हसली होती.

भालेराव कँटीनमध्ये तिसऱ्या टेबलावर एकटे बसत. वर्षानुवर्षं बसत. आम्ही बायका ऑफिसातच डबा उघडत असू, पण दारातून जाता-येता ते मला दिसत, तेव्हाच तर मला तो प्रसंग सुचला होता. लोक म्हणत, त्यांच्या पट्टीमुळे कुणी बसत नाही. पट्टी नसती तरी त्यातले काही जण त्या टेबलाशी बसले नसते, आणि त्याचं कारण चपाती नव्हतं, त्यांची जात होती, हे कळायला मला ती पांढरी चिठ्ठी यावी लागली. मला स्वतःची लाज वाटली.

जेवणाची सुट्टी झाली तशी मी डबा उचलला आणि सरळ कँटीनमध्ये गेले. सगळ्या माना वळल्या. भालेराव तिसऱ्या टेबलावर होते, ताट समोर, पट्टी हातात. मी समोरच्या बाकावर बसले, फडकं सोडलं आणि आईच्या हातची भाकरी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"मोजा," म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भाकरीवर पट्टी ठेवली. भाकरी थेरगावची, दोन्ही बाजूंनी पट्टीच्या बाहेर आली. त्यांनी पट्टी तिरकी करून पाहिली, तरी पुरेना. मग पट्टी पुसून खिशात ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या भुवयांखाली मला हसू दिसलं.

त्यांनी हात पसरला आणि भाकरीवर वीत ठेवली.

"एक वीत," भालेराव म्हणाले. "पास." आणि भाकरी मोडून अर्धी माझ्या हातात दिली.